आधी जिव्याचं होऊ दे

१८ नोव्हेंबर २०१८, रविवार

डॉ. हितेश यांनी रोज सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून लिहून ठेवायला सांगितलं आहे. मशीन आमच्या मुलाने, ओंकारने, विरारहून पाठवलं. वही नवीकोरी आहे आणि आकडे एका ओळीत संपतात, म्हणून थोडं पुढेही लिहीत जाईन. सोसायटीचा सेक्रेटरी होतो तेव्हा इतिवृत्तं मीच लिहायचो, हाताला सवय आहे.

सकाळी १३६/८४. साठी उलटलेल्या माणसाला हे उत्तम.

हर्निया आहे, उजव्या जांघेत. तीन वर्षं पट्टा लावतो. आडवं झालं की गाठ आत जाते, उभं राहिलं की बाहेर येते. डॉक्टर म्हणाले, आता पट्ट्याचं काम राहिलं नाही, जाळी बसवून घ्या. कमरेखालचा भाग बधिर करतात, तिसऱ्या दिवशी घरी. मी विचारलं, नाही केलं तर? म्हणाले, आतडं त्या जागी अडकलं तर जिवावर बेतेल. हे त्यांनी हसत सांगितलं. डॉक्टरांनी हसत सांगितलेलं मला आवडत नाही.

घाई करण्यासारखं काही नाही. वाडीत चिकूचा हंगाम वर येतो आहे. संक्रांत झाली की बघू.

कुसुम म्हणाली, "घाबरलात का?" मी म्हटलं, माझ्यामागे वाडीकडे कोण बघणार? त्यावर ती भांडी उचलून आत गेली. बायकोने अशा वेळी काहीतरी बोलावं.

संध्याकाळी १५२/९४. दुपारी वडे खाल्ले होते.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

आज एक वेगळीच गोष्ट कळली. जिव्या झाडावरून उतरला आणि खोडाला टेकून खाली बसला. डाव्या जांघेवर हात दाबून धरलेला. जिव्या बावीस वर्षं आमच्या नरपडच्या वाडीत आहे. घर तलासरीकडे झरीला, पण हंगामात वाडीतल्या खोपीतच राहतो. चिकू काढण्यात त्याचा हात धरणारा दुसरा कोणी नाही. मी जवळ जाऊन विचारलं तर म्हणाला, "काय नाय शेट. गाठ हाय. बसलो का आत जाते."

माझ्यासारखीच! फक्त डावीकडे.

किती दिवस आहे विचारलं तर म्हणाला, "दोन पाऊस झाले." दोन वर्षं हा माणूस भरलेली कॅरेटं उचलतोय आणि मला पत्ता नाही. वाईट वाटलं. सोमवारी त्याला डहाणूला डॉ. हितेशकडे नेणार.

दुपारी पुन्हा जमीन हलली. महिना झाला नाही तोवर ही कितवी वेळ. ताटातली वाटी वाजली, एवढंच. धुंदलवाडीकडे जोर जास्त आहे म्हणतात.

२६ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरांनी जिव्याला तपासलं. ऑपरेशनच करावं लागेल म्हणाले. सरकारी योजनेत बसतं, कागद मी जमवून देईन. मग डॉक्टर माझ्याकडे वळले, "तुम्हा दोघांना लागोपाठ घेऊया का? एकाच दिवशी?" मी म्हटलं, नाही, आधी जिव्याचं होऊ दे. गरीब माणूस आहे, त्याचं पोट अंगमेहनतीवर. माझं काय, मी थांबू शकतो.

११ डिसेंबर ठरली.

घरी येऊन कुसुमला सांगितलं. मला वाटलं, तिला बरं वाटेल. ती पोळीवर तूप लावत होती. म्हणाली, "त्याला पुढे पाठवताय?" मी म्हटलं, पुढे म्हणजे? त्याचं भलं करतोय. ती म्हणाली, "भलं तर होईलच त्याचं."

तिच्या बोलण्याचा रोख मला हल्ली कळत नाही.

सकाळी १४०/८६, संध्याकाळी १३४/८२. तारीख पक्की झाली की माणूस शांत होतो, हे खरं आहे.

५ डिसेंबर, बुधवार

जिव्या गप्प गप्प आहे. आज त्याला बसवून समजावलं. म्हटलं, भ्यायचं काही कारण नाही. विज्ञान केवढं पुढे गेलंय. मच्छर चावल्याएवढं दुखतं. पुरुषासारखा पुरुष तू. तो ऐकत होता, हातातल्या चिकूचा चीक पुसत होता. मग म्हणाला, "तू पाहिलास काय कोणाचं?" जिव्या मला तू म्हणतो. त्यांच्या बोलीत तुम्ही नाहीच. देवाला तू, कलेक्टरला तू आणि मलाही तू. मी म्हटलं, पाहायला कशाला हवं.

नंतर मीच डॉक्टरांकडे जाऊन आलो. जिव्याच्या वतीने चार गोष्टी विचारल्या. पाठीत सुई टोचतात ती किती दुखते? माणूस जागा असतो म्हणजे त्याला कापलेलं कळतं का? पाय परत आलेच नाहीत असं कधी झालंय का? आणि बीपी आधीच थोडं जास्त असेल तर?

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काशीनाथभाई, जिव्याचं बीपी तर एकशे वीस-ऐंशी आहे. हे सगळं त्याने विचारलं?"

मी म्हटलं, तो लाजतो.

११ डिसेंबर, मंगळवार

जिव्या पळाला.

सकाळी सातला सुषमा सिस्टरचा फोन. रात्री उपाशी ठेवलं होतं, सगळी तयारी झाली होती. पहाटे खाट रिकामी. हॉस्पिटलचा हिरवा झगा घडी करून उशीवर ठेवला आणि आपल्या कपड्यांत निघून गेला. मी तिकडे गेलो आणि नाही नाही ते बोललो, म्हणजे त्याच्याबद्दल. या लोकांचं हे असंच, वगैरे. सिस्टर म्हणाल्या, "काका, तुम्ही एवढे का चिडताय? पळून जाणारा तो काही पहिला नाही. मागच्या महिन्यात एक मास्तर सलाईनसकट रिक्षात जाऊन बसले होते."

१६८/१००. रागामुळे.

१३ डिसेंबर, गुरुवार

टेम्पो घेऊन झरीला गेलो. पाड्यावर पोहोचलो तेव्हा दहा वाजले असतील. धक्क्यांच्या भीतीने सगळी घरं रिकामी, माणसं अंगणात. घरापुढे बांबू रोवून निळं प्लास्टिक ताणलेलं, त्याच्याखाली चूल, गोधड्या, कोंबड्या, सगळा संसार. जिव्याच्या घराची मागची भिंत कोपऱ्यात उभी चिरली आहे. त्या फटीतून पलीकडचं केळीचं पान दिसत होतं.

त्याच्या बायकोने, रूपीने, मला बसायला खाट दिली. जिव्या समोर उकिडवा बसला, मान खाली. मी बोलायला सुरुवात केली तशी रूपीच मध्ये म्हणाली, "शेट, तो सुरीला नाय भ्याला."

"मग?"

"पायांना."

मग जिव्या बोलला. एवढं सलग बोलताना मी त्याला बावीस वर्षांत ऐकलं नव्हतं. "सिस्टर बोलली, कमरेपासून पाय मरतात. दोन-चार तास. मी बोललो, मेल्या पायांनी पळायचं कसं? ती हसली. शेट, आम्ही इथं रोज पळतो. पोरं जेवण टाकून पळतात. म्हातारी आयशी पण पळते. धरणी हलली आन् मी वर निजलेला, पोट उघडं, पाय मेलेले. सगळे पळतील. डॉक्टर पण पळेल. मी?"

मला हसू येणार होतं, पण आलं नाही. मी म्हटलं, डहाणूला एवढं हलत नाही, हॉस्पिटलची इमारत पक्की आहे.

"तुझं घर पण पक्कं हाय. तरी तू पडवीत निजतोस. मी पाहिलं."

मी म्हटलं, मला आत उकडतं. रूपीने पदर तोंडाला लावला. डिसेंबर चालू आहे हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मी म्हटलं, "मी थांबेन तिथे. हललं तर मी तुला उचलून बाहेर आणीन. शब्द देतो."

त्याने माझ्या कमरेकडे पाहिलं. "तुला उचलता नाय येत शेट. तुला पण गाठ हाय. माझ्याहून मोठी हाय." थोडा थांबला. "तू पहिले का नाय करत?"

"हंगाम आहे ना, जिव्या."

"चिकू तं मी काढतो."

तो रागावलेला नव्हता. हिशोब चुकला तर माणूस दाखवून देतो तसं म्हणाला. मी चहा अर्धाच पिऊन उठलो. खरं तर माझ्या बोलण्यात चूक काही नव्हती. वाडी बघणं आणि चिकू काढणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

जेवलो नाही. बीपी मोजलं नाही.

१७ जानेवारी २०१९, गुरुवार

महिनाभर काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं घडलंही नाही.

जिव्याचं म्हणणं मी सुषमा सिस्टरना सांगितलं होतं. मला वाटलं पुन्हा हसतील. त्यांनी हातातला ट्रे खाली ठेवला. म्हणाल्या, "मी त्याला हसले खरी. माझंच चुकलं. त्याला एकदा घेऊन या, ऑपरेशनसाठी नाही, नुसतं बघायला."

आज नेलं. रूपीही होती. सिस्टरनी चपला काढायला लावल्या आणि आम्हाला थेट ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत नेलं. खोली तळमजल्यावर आहे. चाकांची खाट ओढून दाखवली. "हे बघ जिव्या. हललं तर तुला या गाडीवर सरकवायचं आणि असं सरळ बाहेर. हे दार, हा व्हरांडा, हे अंगण. पाय तुझे बधिर असतील, आमचे नाहीत." जिव्याने विचारलं, "पोट उघडं असलं तं?" त्या म्हणाल्या, "वर स्वच्छ कापड टाकून नेऊ. आणि डॉक्टर पळणार नाहीत. पळाले तर मी त्यांचं नाव सांगते, तू गावभर कर." 

जिव्या दारापासून अंगणापर्यंत पावलं मोजत चालला. बत्तीस. परत आला आणि पुन्हा मोजली. मग म्हणाला, "मंगळवारी येतो."

माझी पस्तीस भरली. माझी पावलं लहान पडतात.

२२ जानेवारी, मंगळवार

झालं. दहाला आत नेलं, सव्वाअकराला बाहेर आणलं. रूपी पूर्ण वेळ व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. मी येरझाऱ्या घालत होतो. जमीन हलली नाही.

त्याला खाटेवर आणलं तसा मी जवळ गेलो. सुई किती लागली? कळत होतं का? आत आवाज येतात का? पाय कसे वाटतात? श्वास लागतो का? त्याचे ओठ सुकले होते. रूपी ओल्या कापडाने पुसत होती. त्याने एकेक सांगितलं. मग मी आणखी एक विचारायला तोंड उघडलं तर म्हणाला, "विचार ना शेट. त्याच्यासाठीच तं आणलास मला."

मी विचारलं नाही.

२३ जानेवारी, बुधवार

१५८/९६.

मी त्याला त्याच्या भल्यासाठी नेलं. हे खोटं नाही. सकाळपासून एवढं एकच वाक्य मनात घोळवतो आहे. खोटं नाही, पण सगळं खरंही नाही.

कुसुम वालाच्या शेंगा सोलत होती. विचारलं, "तुला तेव्हाच कळलं होतं का?"

ती म्हणाली, "त्यात कळायला काय होतं? तुम्हाला सोडून सगळ्यांना कळलं होतं."

माझी तारीख ५ फेब्रुवारी.

१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळपासून धक्के. दुपारी मोठा आला. मी जेवून कोचावर पडलो होतो. आधी जमिनीखालून ट्रक गेल्यासारखा आवाज झाला, मग मांडणीवरचे डबे एकावर एक आपटले. मी धावलो. कुसुमला हाक मारलीच नाही. अंगणात पोहोचल्यावर मागे वळलो तर ती गॅस बंद करून सावकाश येत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "पट्टा लावलेला नाही तुम्ही." मी जांघ दोन्ही हातांनी धरून उभा होतो.

४ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, या परिस्थितीत आठ-पंधरा दिवस थांबावं हे बरं. ते म्हणाले, "माझी हरकत आहे, पण टेबलावर जबरदस्तीने चढवता येत नाही." कुसुमला सांगितलं की डॉक्टरांनीच पुढे ढकललं. ती बरं म्हणाली आणि माझी भरलेली पिशवी रिकामी करून कपडे पुन्हा कपाटात लावले. एकेक, घडी मोडून, नवी घालून.

हे इथे तरी खरं लिहितो.  पाठीत सुई जाते ती जागा दिवसभर जाणवते आहे, अजून तिथे काही टोचलेलंच नाही तरी.

१२ फेब्रुवारी, मंगळवार. हॉस्पिटल.

आज उठून बसलो. कुसुमकडून वही मागवून घेतली. अक्षर वाकडं येतंय.

शनिवारी, ९ तारखेला, सकाळी वाडीत कॅरेटांकडे उभा होतो. कॅरेटला हातही लावला नव्हता. जोरात खोकला आला आणि जांघेत काहीतरी निसटलं. आडवा झालो, दाबलं, गाठ आत जाईना. दगडासारखी टणक. पोटात पिळे. जिव्या त्या दिवशी बसायचं काम करायला आला होता, वजन उचलायला त्याला बंदी आहे. कुसुमही घरातून धावत आली. मी तिला म्हटलं, वायू धरलाय, ओवा दे. ती आत वळली.

जिव्या म्हणाला, "नाय बाय, ओवा नको. पाणी पण देऊ नको. गाठ आत नाय जात. सिस्टरने सांगितलंय, असं झालं तं घरी थांबायचं नाय." मी त्याच्यावर ओरडलो. तो हलला नाही. "मी उचलू नाय शकत. पण टेम्पोवाल्याला बोलावलंय."

वाटेत दोनदा उलटी झाली. डॉ. हितेश या वेळी हसले नाहीत. आतडं अडकलंय, काळं पडलं असेल तर कापावं लागेल, सही करा. मी पेन धरून म्हटलं, उद्या सकाळी केलं तर? कुसुम मोठ्याने कधी बोलत नाही. ती हळूच म्हणाली, "उद्या तुम्ही नसलात, तर मी कोणाला विचारू?"

सही केली. मला चाकांच्या खाटेवर घेतलं. सुषमा सिस्टर बीपी बघून डॉक्टरांशी काहीतरी बोलल्या. औषध टोचलं. आणि मला उतरायचं होतं. खरंच उतरायचं होतं, एक पाय खाली सोडला होता मी.

जिव्या खाटेच्या बाजूने चालत आला. त्याने माझा पाय धरून वर ठेवला नाही. नुसता सांगत राहिला, वाडीत कुठल्या झाडाला किती फळ आहे सांगतो त्या आवाजात. "पहिले बसवतील. पाठ वाकव बोलतील, मांजरीवानी. गार पाणी लावतील पाठीला, त्याला दचकू नको. सुई लागते. तू मच्छर बोललास ते खोटं हाय, मच्छराहून जास्त लागते. मग पाय गरम होतात. मग जड. मग तुझे नाय राहत. तेवा भ्या वाटतं. लय वाटतं. पाच-सात श्वास मोज, मग नाय वाटत. आत भांड्यांचा आवाज येतो. खेचल्यागत होतं, दुखत नाय."

दारापाशी सिस्टरनी त्याला थांबवलं. मी पाय वर घेतला होता.

तो म्हणाला तसंच झालं, त्याच क्रमाने. भीती वाटली तेव्हा मी मोजलं. सातला नाही, अकराला कमी झाली.

मध्येच सलाईनची बाटली हलायला लागली. मला वाटलं मीच थरथरतोय. डॉक्टर म्हणाले, "हललं. थांबा." सगळे हात वर धरून उभे राहिले. कोणी दाराकडे गेलं नाही. सुषमा सिस्टरनी माझ्या कपाळावर हात ठेवला. बाटली स्थिर झाली. डॉक्टर म्हणाले, "चला."

आतडं वाचलं. अजून दोन तास गेले असते तर कापावं लागलं असतं, म्हणाले.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी जिव्या आणि रूपी आले. रूपीने शेवग्याची भाजी आणली होती, मला अजून चालत नाही, कुसुमने खाल्ली. दोघी व्हरांड्यात गेल्या तेव्हा मी जिव्याला म्हटलं, "मी तुला आधी पाठवलं ते मला भीती वाटत होती म्हणून. तुझं कसं होतं ते बघायचं होतं."

"माहीत होतं."

"मग आलास कशाला?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही अगदीच सोपं विचारलं. "माझी पण गाठ होती ना शेट. मी माझ्यासाठी आलो."

  मग तो म्हणाला, "झाडावर चढायला डॉक्टर अजून दोन महिने नको बोलतो. भाच्याला आणू?" मी म्हटलं, आण. आणि तू बस, त्याला दाखव. तुझा रोज बंद व्हायचा नाही.

"तो नाय व्हायचा," जिव्या म्हणाला. "कुसुमबायने कालच सांगितलं."

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

शेजारच्या खाटेवर काल संध्याकाळी धाकटी डहाणूचा भिका तांडेल आला. सत्तरीचा. सगळा जन्म समुद्रावर गेलेला, मनगटं माझ्या घोट्याएवढी. त्याचाही हर्निया, उद्या सकाळी. मुलगा त्याला दाखल करून गेला.

आज दिवसभर तो आपला टॉवेल घडी करत होता. घालायचा, मोडायचा, पुन्हा घालायचा. सिस्टर विचारून गेल्या, बाबा, काही शंका? तो म्हणाला, शंका कसली, आम्ही वादळं बघितलेली माणसं. आवाज मोठा होता. हिरवा झगा त्याने उशाशी ठेवला होता आणि त्याच्याकडे पाठ करून बसला होता.

त्याला काय सांगायचं ते माझ्या ओठांवर तयार होतं. काही नाही हो, भ्यायचं कारण नाही. हेच मी जिव्याला सांगितलं होतं.

मी म्हटलं, "तांडेल, मला फार भीती वाटली होती. एकदा तारीख घेऊन मोडली, घरी खोटं बोललो. शनिवारी त्या दारातून आत नेताना मी उतरून पळणार होतो."

त्याने टॉवेल मांडीवर ठेवला.  समोरच्या खिडकीतून दुपारचं ऊन खाटेच्या पायापर्यंत आलं होतं.

मग आवाज अगदी खाली आणून त्याने विचारलं, "सुई लागते का हो?"

"लागते," मी म्हटलं, आणि माझ्या खाटेवर होता होईल तेवढा त्याच्याकडे वळून बसलो. "पहिल्यापासून सांगतो."